कच्छच्या रणात जाणाऱ्या सायकलवर पाणी कसं न्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं मित्र नाशिकच्या सिडकोतून जानेवारीत निघणार. वणी, सापुतारा, डांग करत गुजरात ओलांडायचा, मग भुज, खावडा आणि रणातून जाणाऱ्या रस्त्याने धोलावीरा. पंधरा-सोळा दिवसांचा बेत. दोघांकडे पुढे सस्पेन्शन असलेल्या गिअरच्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, आहेत आणि सामान प्रत्येकी २४ किलो भरतंय. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. मागे ओढायचा ट्रेलर घ्यावा की कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लावाव्यात? पाणी किती घ्यावं? आणि चांगला फिल्टर घेतला तर वाटेत मिळेल ते पाणी पिता येईल का?

आधी सरळ उत्तरं देतो. ट्रेलर नको. पाणी बहुतेक दिवस प्रत्येकी दोन-अडीच लिटर पुरेल, रणाच्या टप्प्यात मात्र प्रत्येकी आठ लिटर हवं. फिल्टरच्या भरवशावर कच्छमध्ये अजिबात राहू नका. चौथी गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण खरी अडचण तीच आहे. ती म्हणजे ते २४ किलो.

तुमच्या कॅरिअरवर कुठेतरी बारीक अक्षरात '२५ किलो' असं उठवलेलं असेल. बाजारातल्या बहुतेक कॅरिअरवर तेवढंच असतं. म्हणजे पाण्याचा एक थेंबही न चढवता तुमचं कॅरिअर भरलेलं आहे. पाण्याचं वजन कुणाला चुकवता येत नाही, लिटरला किलो. आठ लिटर म्हणजे आठ किलो, आणि ते ठेवायची जागा तुम्ही तंबू, कुकर आणि जीन्सला देऊन बसलात. लोक रणात किंवा लडाखात पाण्यावाचून अडकतात ते पाणी नव्हतं म्हणून क्वचितच. मागच्या गावात नळ होता, पण सायकलवर जागा नव्हती आणि 'पुढे मिळेल की' असं म्हणून ते निघाले होते. मीही असा निघालोय.

तुमची यादी वाचली. दोन बर्नरची शेगडी कशाला? तुम्ही दोघं आहात, बारसं नाही. एक छोटा बर्नर, दीड लिटरचं एक पातेलं, एक चमचा-एक वाटी, संपलं. कुकर घरी. जीन्स घरी, कारण ती ओली झाली की दोन दिवस वाळत नाही. बुटांचा दुसरा जोड घरी, चप्पल न्या. तंबू दोघांत एकच आणि तो वाटून घ्या, कापड एकाकडे, दांड्या-खुंट्या दुसऱ्याकडे. हत्यारं आणि पंपसुद्धा एकच संच. कपडे अंगावरचे धरून दोन जोड, शिवाय थंडीचं एक जाकीट. ते विसरू नका, जानेवारीत कच्छची रात्र आपल्या निफाडसारखीच बोचते. ड्रोनबद्दल बोलत नाही. तो तुमचा हट्ट आहे हे लिहिण्याच्या पद्धतीवरून कळलं, पण खावड्याच्या पुढे सरहद्द जवळ येते आणि तिथे तो काढला तर चौकशीत दिवस जाईल. हे सगळं काढलं की तुम्ही १२-१३ किलोवर येता. यापेक्षा कमी करायच्या नादाला लागू नका. टूथब्रशची दांडी कापणारे लोकही मी पाहिलेत.

आता सामान लावायचं कसं. यात सायकलच्या परदेशी व्हिडिओंपेक्षा आपल्याकडच्या जुन्या दूधवाल्याकडून जास्त शिकता येईल. मखमलाबाद, गंगापूरच्या बाजूने पहाटे शहरात येणारे दूधवाले मी लहानपणी रोज बघायचो. मागे दोन्ही बाजूंना आकड्याला लटकवलेले कॅन, तोंडाला फडकं, आणि सगळं वजन मागच्या चाकाच्या आसाच्या जवळपास. कॅरिअरवर उंच काही नाही. एका बाजूचं दूध मोजून दिलं की पुढचं गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूचं. त्याला कुणी भौतिकशास्त्र शिकवलं नव्हतं. एकीकडचा कॅन रिकामा झाला की सायकल हातात राहत नाही, हे त्याच्या मनगटाला ठाऊक होतं. कावड घेऊन चालणाऱ्यालाही हेच ठाऊक असतं.

तुम्हीही तेच करा. जड वस्तू खाली, आसाजवळ, दोन्हीकडे सारख्या. पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत तळाशी, उभ्या. फ्रेमवरची बाटली संपली की एकदा डावीकडून भरायची, एकदा उजवीकडून. कॅरिअरच्या वर फक्त हलकं, म्हणजे झोपायची पिशवी, मॅट. पाठीवरच्या सॅकमध्ये पाणी भरून जायचा मोह होईल. एक-दीड लिटरपर्यंत चालेल, पण त्यापुढे पाठ भिजते, खांदे धरतात आणि ते सगळं वजन शेवटी तुमच्या बैठकीवर येतं. तिसऱ्या दिवशी सीटवर बसवत नाही तेव्हा कारण कळतं.

आणि काहीही हलता कामा नये. सुटा लोंबणारा बंद कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या दातेरी चकत्यांमध्ये, गेला की काय होतं ते बघायला जाऊ नका. पिशव्या खालून बंदाने ओढून घ्या, नाहीतर खड्ड्यात त्या आत दबून स्पोकला लागतात. बांधायला रंगीत बंजी कॉर्डपेक्षा जुन्या ट्यूबची कापलेली लांब पट्टी मला आवडते. पेपरवाले वापरतात तीच. फुकट मिळते, घट्ट धरते, आणि वेळ आली तर टायर फाटल्यावर आतून लावायलाही उपयोगी पडते.

आता बोल्ट. माझं आयुष्य नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये गेलं, त्यामुळे इथे थोडं जास्त बोलेन, माफ करा. कॅरिअर फ्रेमला चार बोल्टवर उभं असतं, बहुधा ५ मिलिमीटरचे. भरल्या सायकलचं सगळं ओझं या चार काड्यांवर. खालचे दोन सगळ्यात जास्त सोसतात. रस्त्याच्या थरथरीने ते सैल होतात, सैल झाले की कॅरिअर एकेक मिलिमीटर नाचायला लागतं, आणि मग बोल्ट ताणाने नाही तर वाकून-वाकून तुटतो. माझा तुटला होता तो वघईच्या अलीकडे. दुकानदाराने सायकलबरोबर दिलेला चकचकीत, स्वस्त बोल्ट होता आणि मी, ज्याने दिवसभर बोल्टची प्रत तपासायची नोकरी केली, त्याने तो तसाच वापरला. डोकं तुटून पडलं, अर्धा बोल्ट फ्रेमच्या भोकातच राहिला. पुढचे ४० किलोमीटर कॅरिअर बांधणीच्या तारेने आणि ट्यूबच्या पट्टीने आवळून काढले. ती तार एका घराच्या बांधकामावरून मागून आणली होती.

म्हणून निघण्याआधी हे चारही बोल्ट बदला. हार्डवेअरच्या दुकानात चांगल्या प्रतीचे, खाली स्प्रिंग वायसर, आट्यांवर लॉकटाइटचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या चिकटद्रवाचा, एक थेंब. उजवीकडचा, कॅसेटजवळचा खालचा बोल्ट लांबीला मापातच घ्या. आतून दोन आटे जास्त निघाला तर सगळ्यात लहान गिअरवर चेन त्याला घासते. असे चार बोल्ट जादा घ्या, आणि बांधणीची तार हातभर. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत ॲलन कीने चारही तपासायचे. दोन मिनिटांचं काम.

मागच्या चाकाचंही बघून घ्या. स्पोक तुटतात ते बहुतेक मागचे, कॅसेटच्या बाजूचे, आणि तिथला स्पोक बदलायला कॅसेट उतरवावी लागते. जुन्या मिस्त्रीकडे चाक द्या आणि नुसता आऊट (चाकाचा डुगडुगाट) काढू नका, सगळे स्पोक सारखे ताणून घ्या असं सांगा. मग त्याच लांबीचे तीन-चार स्पोक फ्रेमच्या मागच्या नळीला टेपने चिकटवून ठेवा.

पुढच्या बाजूला थोडं वजन असेल तर भरलेली सायकल जास्त शहाण्यासारखी चालते. सगळं मागे लादलं की चढावर पुढचं चाक हलकं होतं आणि उतारावर सायकल डुलायला लागते. तुमच्या सस्पेन्शन फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला, कॅरिअर लावायला भोकं नसतील. हरकत नाही. फोर्कच्या खालच्या जाड नळीवर, म्हणजे चाकाला जोडलेल्या आणि जिच्यात वरची नळी आत-बाहेर होते तिच्यावर, दोन्ही बाजूंना एकेक बाटलीचा स्टँड बसवता येतो. मोटारीच्या रबरी नळीला लावतात त्या स्टीलच्या पट्टी-क्लिपा घ्या, खाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा म्हणजे घसरत नाही आणि रंगही जात नाही. प्रत्येक स्टँडवर एक लिटर, जास्त नको. बसवल्यावर पुढचा ब्रेक धरून हँडलवर पूर्ण भार टाका आणि फोर्क तळापर्यंत दाबून बघा. बाटली कुठे घासते का, ब्रेकची केबल अडते का, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का. हे घराच्या दारात तपासायचं असतं, सापुताऱ्याच्या उतारावर नाही.

उताराचा विषय निघालाच आहे. सापुताऱ्याहून शामगहाणकडे उतरताना भरली सायकल तुम्हाला ढकलायला लागेल. रिमवर लागणारे ब्रेक असतील तर ते सतत धरून ठेवू नका, रिम तापते. दाबायचे, सोडायचे, दाबायचे. वेगात हँडल थरथरायला लागलं तर घाबरून ते करकचून धरू नका. गुडघा फ्रेमच्या वरच्या नळीला टेकवा, मागचा ब्रेक हलकेच लावा, थरथर थांबते. खाली उतरलात की सामान परत लावा, कारण थरथर बहुतेक वेळा मागे उंच बांधलेल्या गाठोड्याची असते.

ट्रेलर नको का म्हटलं? वाईट वस्तू आहे म्हणून नाही. एका चाकाचे ट्रेलर सहाएक किलोचे असतात, त्यावर तीसएक किलो लादता येतं, वजन जमिनीलगत राहतं आणि ज्या सायकलला कॅरिअर बसतच नाही तिच्यासाठी तो उत्तम मार्ग आहे. लडाखात चांगथांगच्या पठारावर आठ-आठ दिवस दुकान नाही अशा ठिकाणी जाणार असाल तर मी वेगळं सांगितलं असतं. पण तुमच्या वाटेवर पहिले दहा-अकरा दिवस दर दहा-पंधरा किलोमीटरला चहाची टपरी आहे. एका दिवसाच्या रणासाठी पंधरा दिवस सहा किलो लोखंड ओढायचं? शिवाय त्याचं चाक वेगळ्या मापाचं, म्हणजे ट्यूब-टायर वेगळे. परतीच्या रेल्वेत पार्सलवाल्याशी हुज्जत घालताना एक डाग वाढतो. आणि कच्छमध्ये वेडी बाभूळ आहे. गुजराती लोक तिला गांडो बावळ म्हणतात. दोन चाकी ट्रेलर असेल तर सायकलच्या एका रेषेऐवजी जमिनीवर तीन रेषा पडतात आणि काट्यांना तिप्पट संधी मिळते. आपल्याकडचा सराटा तुम्ही अनुभवला असेल. बाभळीचा काटा त्याचा थोरला भाऊ. रस्ता सोडून कडेला जायचं झालं तर सायकल उचलून न्या, ढकलत नेऊ नका. टायरमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घाला, आणि काटा उपटायला एक चिमटा हत्यारांत असू द्या.

नाशिकमध्ये सायकल म्हटलं की २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पूर्ण करणारे महाजन बंधू, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र, आठवतात आणि आठवायलाच हवेत. पण त्या शर्यतीत पाणी, जेवण, सुटे भाग सगळं मागच्या गाडीत असतं. गाडी संगतीला ठेवणारी सायकल आणि सगळं स्वतः वाहणारी सायकल हे दोन वेगळे उद्योग आहेत. त्यांच्यासारखी हलकी सायकल, त्यांच्यासारखा वेग, अशी तुलना मनातून काढून टाका. भरल्या सायकलचा दिवसभराचा सरासरी वेग ताशी १२ ते १५ किलोमीटर आला तरी उत्तम.

यावरूनच पाण्याचा हिशेब निघतो. लोक पाणी किलोमीटरवर मोजतात, ते चुकतं. पाणी तासांवर मोजायचं. ६० किलोमीटरचा कोरडा टप्पा वारा पाठीवर असेल तर साडेचार-पाच तासांचा आहे, आणि वारा तोंडावर आला तर आठ तासांचा. रणाच्या सपाटीत वाऱ्याला अडवायला काही नाही. झाड नाही, टेकडी नाही. म्हणून मी नेहमी वाईट वारा धरतो. जानेवारीतल्या उन्हात पायडल मारताना मला तासाला पाऊण लिटर लागतं. तुम्हाला अर्धा लागेल किंवा एक लागेल, ते आधी नाशिकमध्येच एका रविवारी मोजून बघा. आठ तास म्हणजे सहा लिटर. त्यावर दोन लिटर राखीव. ते प्यायचे नाहीत, पंक्चर आणि बिघाडासाठीच आहेत. झाले आठ. रात्री उघड्यावर मुक्काम असता तर स्वयंपाक आणि सकाळ धरून माणशी आणखी अडीच-तीन लिटर वाढले असते, पण रणात रात्री राहूच नका. सरहद्दीचा भाग आहे, ओळखपत्र जवळ ठेवा आणि उजेडी खडीर बेटावर, म्हणजे धोलावीरा आहे तिथे, पोचा. खाऱ्या रणाला चिरत जाणारा भाग तीसएक किलोमीटरचाच आहे, पण त्याच्या आधीचा आणि नंतरचाही रस्ता ओसाड समजूनच चाला.

कोरड्या वाऱ्यात एक फसगत होते. घाम दिसत नाही, येता-येताच वाळून जातो. हवा गार असते म्हणून तहानही लागत नाही. दुपारी डोकं चढतं तेव्हा माणूस म्हणतो ऊन लागलं. घड्याळ लावून दर वीस मिनिटांनी चार घोट घ्या, आणि लघवीचा रंग बघत राहा. गडद पिवळी झाली की तुम्ही मागे पडलात. नुसतं साधं पाणी ढोसणंही बरं नाही, घामाबरोबर मीठही जातं. ओआरएसची पाकिटं न्या. ती संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

दुसरा मुद्दा मला फार उशिरा उमगला. पाण्याचं वजन घाटात जाणवतं, सपाटीवर जवळपास नाही. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो असाल तर दहा लिटर पाण्याने घाट दहा टक्क्यांनी लांबतो, सरळ हिशेब आहे. सपाट रस्त्यावर तेच दहा लिटर वेग धरताना जाणवतात, नंतर फारसे नाही. त्यामुळे नाशिक ते सापुतारा दोन बाटल्यांवर जा. दिंडोरी, वणी, बोरगाव, सगळीकडे पाणी आहे. हातगडच्या पायथ्याशी तर अर्धीच बाटली ठेवा, वर पोचलात की हवं तेवढं मिळतं. घरून निघताना हौसेने दहा लिटर भरून सापुताऱ्याचा घाट चढणारे वीर मी पाहिलेत, वर पोचल्यावर ते पाणी पाय धुवायला वापरतात. कच्छमध्ये मात्र कंजूषपणा नको. तिथली जमीन टेबलासारखी आहे, पाणी न्यायला त्यासारखी जागा नाही.

आठ लिटर मावतं ते असं. फ्रेमवर पाऊण लिटरच्या दोन बाटल्या, फोर्कवर एकेक लिटरच्या दोन, मागच्या पिशव्यांत दोन-दोन लिटरची एकेक. झाले साडेसात, आणि हँडलच्या पिशवीत अर्ध्या लिटरची एक. सगळं एकाच कॅनमध्ये कधीही नेऊ नका, एक काटा किंवा एक सैल झाकण आणि खेळ खलास. मी एकदा पाच लिटरचा गोडेतेलाचा कॅन धुऊन नेला होता. पहिल्या दिवशी पाण्याला भजीचा वास, दुसऱ्या दिवशी झाकणातून झिरपून झोपायची पिशवी ओली. मिनरल वॉटरच्या पातळ बाटल्या घासून फुटतात. सोड्याच्या, कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या घ्या. त्या आतल्या गॅसचा दाब सोसायला बनवलेल्या असतात म्हणून जाड असतात, फुकट मिळतात आणि रण संपल्यावर चेपून बाजूला ठेवता येतात. घड्या होणारी पाण्याची पिशवीही चालेल, पण मुक्कामावर पाणी आणायला. सायकलवर ती भरून लादली की आतलं पाणी हिंदकळतं.

छागलीबद्दल कुणीतरी विचारेल म्हणून सांगतो. ट्रकच्या पुढे लटकणारी कॅनव्हासची छागल पाणी गार ठेवते हे खरं, पण ती गार ठेवते पाणी झिरपवून आणि वाळवून. आठ लिटर मोजून नेणाऱ्याला ते परवडत नाही. गार पाण्याची हौस असेल तर एका बाटलीला जुना मोजा घाला आणि तो ओला करा.

आता फिल्टर. पोकळ तंतूंचे जे हाताएवढे फिल्टर मिळतात ते जिवाणू आणि आमांशाचे जंतू चांगले अडवतात. विषाणू बहुतेकदा निसटतात, त्यासाठी उकळणं किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबणं. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, नाहीतर फिल्टर तुंबतो. इथपर्यंत ठीक. पण पाण्यात जे विरघळलेलं आहे ते यातलं काहीही काढत नाही. मीठ विरघळलेलं असतं. रणाच्या कडेच्या डबक्यातलं पाणी फिल्टरमधून काढलंत तर काचेसारखं स्वच्छ खारं पाणी मिळेल. उकळलंत तर आणखी खारं. कच्छमध्ये विहिरीचं, हापशाचं पाणीही पुष्कळ ठिकाणी मचूळ लागतं. आधी एक घोट, मग बाटल्या, हा क्रम मोडू नका. सगळ्या बाटल्या भरून दोन किलोमीटर गेल्यावर चव कळणं फार वाईट. खावड्यासारख्या गावात आरओच्या पाण्याचा जार विकत घ्या आणि त्यातून भरा, रात्रीच.

हाच नियम घराजवळही लागू आहे, आणि तो फार लोक विसरतात. दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षबागांत ठिबकच्या नळ्या आणि शेततळी दिसतात, पाणी निळंशार असतं. त्या नळ्यांमधून खतं सोडतात आणि बागेवर फवारण्या चालू असतात. फिल्टर औषध अडवत नाही. बागवाल्याला हाक मारा, तो घरातल्या माठातलं पाणी देईल, जानेवारीत गेलात तर द्राक्षंही देईल.

जेवणसुद्धा पाण्याच्या हिशेबात धरा. नूडल्स उकळून पाणी ओतून देणं रणात पाप आहे. खिचडी, उपमा, पिठलं सगळं पाणी पोटात घेतं. रणाच्या दिवशी चूल पेटवूच नका. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि आपल्या निफाडचे बेदाणे. चिवडा नेऊ नका असं नाशिककराला सांगणं अवघड आहे, पण तो जागा फार खातो आणि तहान वाढवतो. भांडं धुवायचं नाही, भाकरीच्या तुकड्याने पुसायचं आणि तो तुकडा खायचा.

धोलावीऱ्याला पोचलात की घाई न करता तिथले दगडी हौद बघा. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचं पाणी अडवून हडप्पाकाळातलं एक अख्खं शहर तिथे नांदलं. २०२१ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. दिवसभर आठ लिटर वाहून आणल्यावर ते हौद जसे दिसतात तसे मोटारीतून आलेल्याला दिसत नाहीत. दुसरं काम, त्याच संध्याकाळी चेन आणि बोल्ट कोरड्या फडक्याने पुसून तेल द्या. खारट धूळ रात्रीत गंज चढवते.

निघण्याआधी तालीम करा. एक शनिवार-रविवार, रणाचंच पूर्ण सामान आणि पूर्ण आठ लिटर घेऊन नाशिक ते पेठ. पन्नासएक किलोमीटर, सावळ घाट आणि कोटंबी घाट वाटेत, रस्ता खडखडीत. तिथे जे सुटायचं ते सुटेल. ब्रेकचीच परीक्षा घ्यायची असेल तर नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा दहाएक किलोमीटरचा घाट चढून उतरा. तालीम डिसेंबरात करा, बेत पुढे गेला तरी ती एप्रिल-मेपर्यंत लांबवू नका. पेठ-सुरगाण्याला पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात. अनेक वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी सुरगाण्याकडे दोन रिकाम्या बाटल्या घेऊन एका घरापुढे उभा राहिलो. आजीबाईंनी तांब्याभर पाणी दिलं, मग बाटल्याही भरून दिल्या, 'घे बाबा' म्हणाल्या. बाहेर पडल्यावर त्यांची सून डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढून येताना दिसली. विहीर किती लांब हे मी विचारलं नाही, विचारायची लाज वाटली. कॅरिअरवर माझा सात किलोचा तंबू होता. उन्हाळ्यात त्या बाजूला जाल तर पिण्यापुरता तांब्या मागा, बाटल्या बाजारपेठेच्या गावातच भरून घ्या. छोट्या रणाकडे वळलात तर अगरियांच्या मिठागरांवरही हेच. त्यांचंही पिण्याचं पाणी टँकरने येतं.

पेठहून परत आलात की दोन आकडे मला कळवा. तासाला किती पाणी लागलं, आणि कॅसेटच्या बाजूचा कॅरिअरचा खालचा बोल्ट ॲलन की लावल्यावर किती फिरला. अर्ध्या फेऱ्याहून जास्त फिरला असेल तर लॉकटाइट आटे नीट न पुसता लावलेलं आहे. काढा, पेट्रोलने पुसा, परत लावा आणि रात्रभर तसंच राहू द्या.